टर्मिनलवरून टपाल पाहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स, मॅक किंवा बीएसडीवर टर्मिनल उघडून काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. कमांड आणि फायलींचे मार्ग इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन लिपीत टाइप करायचे, आणि मोठं अक्षर लागत असेल तिथे मी तसं सांगितलं आहे.

काम करताना टर्मिनलवर अचानक ‘यू हॅव न्यू मेल’ अशी ओळ आली. जीमेल उघडलं तर तिथे काहीच नाही. मग हा मेल कुठला?

तो जीमेलचा नाहीच. युनिक्स घराण्यातल्या प्रत्येक यंत्रावर वापरकर्त्याची एक स्वतःची टपालपेटी असते. तिचा इंटरनेटवरच्या तुमच्या पत्त्याशी काहीही संबंध नसतो. यंत्रावरचे प्रोग्राम तुम्हाला काही कळवायचं असलं की त्या पेटीत पत्र टाकतात.

सगळ्यात जास्त पत्रं क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामची, असतात. क्रॉनमध्ये लावलेल्या कामाने पडद्यावर काही छापलं, तर ते छापलेलं सगळं क्रॉन मेल करून त्या कामाच्या मालकाला पाठवतं. डिस्कची तब्येत बघणारं स्मार्टडी, रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या) जोडणीवर नजर ठेवणारं एमडीॲडम हेही असेच कळवतात. प्रशासकाचे अधिकार वापरून कमांड चालवायला सूडो लागतं. ज्याला परवानगी नाही अशा माणसाने ते चालवून पाहिलं, तर सूडो त्याची खबर रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या खात्याच्या, पेटीत टाकतं. ‘धिस इन्सिडंट विल बी रिपोर्टेड’ हे वाक्य अनेकांनी पाहिलेलं असतं. ती खबर जाते ती याच पेटीत.

म्हणून ती ओळ दिसली की दुर्लक्ष करू नका, एवढी विनंती. तुमचं यंत्र तुमच्याशी बोलू पाहतं आहे.

ही पेटी नेमकी असते कुठे?

बहुतेक ठिकाणी /व्हार/मेल या डिरेक्टरीत, तुमच्याच नावाची एक फाइल. काही यंत्रांवर /व्हार/स्पूल/मेल. बऱ्याचदा एक नाव दुसऱ्याकडे बोट दाखवणारी लिंक असते, त्यामुळे दोन्ही चालतात. ‘इको $मेल’ टाइप करून पाहा, यातलं ‘मेल’ मोठ्या अक्षरांत. शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड घेणाऱ्या प्रोग्रामला, पेटीचा पत्ता माहीत असेल तर तो छापला जाईल.

आत बघितलंत तर सगळी पत्रं एकाच फायलीत एकाखाली एक चिकटवलेली दिसतात. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. ‘फ्रॉम’ हा शब्द आणि लगेच एक मोकळी जागा, अशी सुरुवात असलेली ओळ आली की नवं पत्र सुरू झालं असं समजायचं. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली तर गोंधळ होईल, म्हणून तिच्या आधी ‘>’ हे चिन्ह टाकलं जातं. जुन्या मेलमध्ये वाक्याच्या तोंडाशी हे चिन्ह उगाच आलेलं दिसतं, ते यामुळे.

मला पत्रं वाचायची नाहीत. काही आलंय का, एवढंच बघायचं आहे.

हाच खरा प्रश्न आहे, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. पेटीत डोकावणं वेगळं आणि पाकीट फोडणं वेगळं. काही कमांड नुसत्या डोकावतात. काही डोकावता डोकावता पाकिटावर बोटांचे ठसे ठेवून जातात.

सगळ्यात साधी कमांड ‘मेल -ई’. ती पडद्यावर काहीही छापत नाही. पत्र असेल तर यशाचा कोड, म्हणजे ०, परत देते आणि नसेल तर दुसरा काहीतरी. म्हणून ती एकटी चालवली तर काही घडलंच नाही असं वाटतं. तिला जोडीदार द्यावा लागतो:

मेल -ई && इको "टपाल आहे"

कोणाचं पत्र, विषय काय, हेही हवं असेल तर ‘मेल -एच’, यातलं ‘एच’ मोठं. ती यादी छापून लगेच बाहेर पडते. ग्नूचा मेलयूटिल्स संच बसवला असेल तर त्यात ‘एफआरएम’ नावाची सुटसुटीत कमांड मिळते, ती प्रत्येक पत्राचा प्रेषक आणि विषय एका ओळीत दाखवते. ‘मेसेजेस’ ही कमांड फक्त आकडा सांगते.

यातलं काहीच बसवलेलं नसेल तरी शेल पुरेसं आहे. ‘टेस्ट -एस’ आणि पुढे पेटीचा मार्ग दिला की फाइल रिकामी आहे की नाही ते कळतं. बॅश हे शेल वापरत असाल तर ‘टेस्ट -एन’, मोठ्या ‘एन’सह, त्याहून कामाचं आहे. फाइल शेवटची वाचली गेली त्यानंतर तिच्यात बदल झालाय का, ते हा पर्याय सांगतो. म्हणजे शिळं टपाल वगळून फक्त नवं. या दोन्ही कमांड फायलीची नोंद बघतात, फाइल उघडत नाहीत. म्हणून त्यांचा ठसा उमटत नाही.

पत्रं किती आहेत ते मोजायला ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड वापरली तर चालेल ना?

चालेल. ‘ग्रेप -सी "^फ्रॉम "’ आणि पुढे पेटीचा मार्ग. ‘फ्रॉम’चं पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी एक मोकळी जागा विसरू नका, नाहीतर प्रेषकाच्या ओळीही मोजल्या जातील आणि आकडा दुप्पट दिसेल.

पण वर ठशांबद्दल म्हटलं ते इथे लागू आहे. ग्रेपने फाइल वाचली की फायलीची ‘शेवटची वाचल्याची वेळ’ पुढे सरकते. शेल आणि फिंगर यांसारखे प्रोग्राम नवं टपाल ओळखतात ते नेमकं याच वेळेवरून. लिहिल्याची वेळ वाचल्याच्या वेळेनंतरची असेल तर टपाल नवं, एवढाच त्यांचा हिशेब. तुमच्या मोजदादीनंतर त्यांना वाटतं, वाचलं यांनी. स्क्रिप्टमध्ये दर पाच मिनिटांनी ग्रेप लावून ठेवलात तर ‘नवं टपाल’ ही सूचना जवळपास कधीच दिसणार नाही. म्हणून आधी ‘टेस्ट -एन’ने विचारा आणि हो म्हणालं तरच मोजा.

आमच्या सर्व्हरवर उलटंच होतं. वाचून झालं तरी ‘नवा मेल’ म्हणत राहतं.

डिस्क ‘नोएटाइम’ पर्यायाने माउंट केली (यंत्राला जोडली) आहे का ते पाहा. दर वाचनाला वेळ नोंदवायची म्हणजे डिस्कवर लिहिणं आलं. ते वाचवण्यासाठी अनेक जण ही नोंदच बंद करतात. मग वाचल्याची वेळ जागची हलत नाही आणि टपाल कायम नवंच दिसतं.

यावरचा तोडगा म्हणजे ‘रेलएटाइम’. वाचल्याची नोंद लिहिल्याच्या वेळेपेक्षा जुनी असेल तेव्हा ती नक्की पुढे सरकवायची, एरवी शक्यतो लिहिणं टाळायचं, असा तो मधला मार्ग आहे. २००९ साली आलेल्या लिनक्स २.६.३० पासून कर्नल आपणहून हेच वापरतं. मटसारख्या मेल वाचणाऱ्या प्रोग्रामचं काम अडू नये हे त्यामागचं एक ठळक कारण होतं. एका छोट्या टपाल-सूचनेने फाइल सिस्टिमच्या वागणुकीवर परिणाम केला, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

शेल दर किती वेळाने पेटी बघतं? ते बदलता येतं का?

‘मेलचेक’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये सेकंदांचा आकडा असतो. बॅशमध्ये तो मुळात ६० असतो. पण ६० सेकंद झाले की सूचना टपकते असं नाही. शेल पुढचा प्रॉम्प्ट (कमांडची वाट पाहणारी खूण) दाखवण्याआधी विचार करतं, मिनिट होऊन गेलं का, गेलं असेल तर पेटी बघू. तुम्ही तासभर व्हिम या एडिटरमध्ये बसलात तर तासभर काहीच कळणार नाही. बाहेर पडल्यावर पहिल्या प्रॉम्प्टबरोबर कळेल.

सूचना आपल्या भाषेतही देता येते, आणि ही सोय फार थोड्यांना माहीत असते. ‘मेलपाथ’ या व्हेरिएबलमध्ये पेटीचा मार्ग, मग प्रश्नचिन्ह, मग हवा तो मजकूर लिहायचा:

मेलपाथ='/व्हार/मेल/तुमचं-नाव?टपाल आलंय'

व्हेरिएबलचं नाव मोठ्या अक्षरांत. एकापेक्षा जास्त पेट्या असतील तर मध्ये विसर्गासारखं कोलन द्या आणि प्रत्येकीला वेगळा निरोप ठेवा. माझ्या यंत्रावर रूटच्या पत्रांसाठी ‘यंत्राची तक्रार आहे’ असं लिहून येतं. इंग्रजी ओळ नजरेआड होते, ही होत नाही.

पत्र येताक्षणी कळावं यासाठी काही नाही का?

आहे, आणि त्याची गोष्ट जुनी आहे. १९८० च्या ४.० बीएसडीमध्ये ‘बिफ’ नावाची कमांड आली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जॉन फोडेरारो यांनी ती लिहिली आणि नाव दिलं ते हायडी स्टेटनर यांच्या कुत्र्याचं. बिफ तिथल्या इव्हान्स हॉलमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो पोस्टमनवर भुंकायचा म्हणून हे नाव पडलं असं सर्रास सांगितलं जातं, पण भुंकण्याची ती गोष्ट खरी नसल्याचं खुद्द त्याच्या मालकिणीनेच सांगितलं आहे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये, १५ वर्षांचा होऊन, तो गेला. पुढे एक्स विंडोसाठी आलेल्या ‘एक्सबिफ’मध्ये टपालपेटीचं चित्र असतं आणि पत्र आलं की तिचा झेंडा वर होतो.

‘बिफ वाय’ म्हटलं की तुमच्या टर्मिनलच्या फायलीवर एक परवानगी चालू होते. मेल पोचवणारा प्रोग्राम ‘कॉमसॅट’ या सेवेला खबर देतो, आणि परवानगी असलेल्या टर्मिनलवर कॉमसॅट पत्राच्या पहिल्या काही ओळी थेट छापतं. ‘बिफ एन’ म्हटलं की बंद. आजच्या बहुतेक यंत्रांवर कॉमसॅट चालूच नसतं, त्यामुळे ‘बिफ वाय’ म्हणूनही काही घडत नाही. ते मुद्दाम चालू करण्यापेक्षा ‘मेलचेक’चा आकडा कमी करणं मी पसंत करतो. अर्धं लिहिलेलं काम समोर असताना मध्येच चार ओळी छापल्या गेल्या की मन विस्कटतं.

माझी पेटी म्हणजे एक फाइल नाही, डिरेक्टरी आहे.

मग ती मेलडिर रचना आहे. क्यूमेल हा मेल पोचवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइन यांनी ती आणली. आत तीन कप्पे असतात: ‘टीएमपी’, ‘न्यू’ आणि ‘कर’. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल. नवं टपाल ‘न्यू’मध्ये पडतं, मेल वाचणाऱ्या प्रोग्रामने ते पाहिलं की ‘कर’मध्ये सरकतं. त्यामुळे ‘एलएस’ करून ‘न्यू’मध्ये काही आहे का बघितलं की काम झालं. वेळांचा हिशेब नाही, ठशांची भीती नाही. ‘कर’मधल्या फायलीच्या नावाच्या शेवटी मोठा ‘एस’ असेल तर ते पत्र वाचून झालेलं असतं.

निवडीचं स्वातंत्र्य असेल तर मी मेलडिरच निवडतो.

जीमेलचे किंवा ऑफिसच्या सर्व्हरवरचे न वाचलेले मेल टर्मिनलवरून मोजता येतील का?

येतील. तिथे फाइल हाताशी नसते, म्हणून सर्व्हरला विचारावं लागतं, आणि विचारायची भाषा आहे आयमॅप. १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी तिची सुरुवात केली. आज ती बहुतेक ठिकाणी ९९३ या पोर्टवर कूटबद्ध जोडणीतून चालते.

तिच्यात ‘स्टेटस’ नावाची एक आज्ञा आहे. पेटी न उघडता, कुठल्याही पत्राच्या नोंदीला हात न लावता आकडा सांगायचा, हे तिच्यावर नियमानेच बंधनकारक आहे. सर्व्हरशी बोलणारी कर्ल ही कमांड जवळपास प्रत्येक यंत्रावर असतेच, त्यातून ती अशी पाठवता येते:

कर्ल --नेटआरसी --रिक्वेस्ट 'स्टेटस इनबॉक्स (अनसीन)' आयमॅप्स://आयमॅप.जीमेल.कॉम/

अवतरणातले शब्द मोठ्या अक्षरांत. ‘--नेटआरसी’ म्हणजे पासवर्ड ‘.नेटआरसी’ फायलीतून घे, तिच्याबद्दल पुढे सांगतो. पत्त्याच्या सुरुवातीचा शब्द म्हणजे ‘आयमॅप’च्या पुढे ‘एस’. उत्तरात ‘अनसीन’पुढे जो आकडा येईल तेवढे मेल न वाचलेले.

इथेही ठशांचा धोका आहे. याच कर्लला पेटीच्या मार्गापुढे पत्राचा क्रमांक देऊन अख्खं पत्र मागितलंत, तर सर्व्हर ते ‘वाचलं’ म्हणून नोंदवतो. मग संध्याकाळी फोनवर ते ठळक दिसत नाही आणि तसंच राहून जातं. स्वतः आयमॅपशी बोलणारी स्क्रिप्ट लिहीत असाल तर ‘सिलेक्ट’ऐवजी ‘एक्झॅमिन’ वापरा, आणि मजकूर मागताना ‘बॉडी’ऐवजी ‘बॉडी.पीक’. पीक म्हणजे डोकावणं, नाव अगदी चपखल आहे.

फेचमेल बसवलेलं असेल तर ‘फेचमेल -सी’ मेल न उतरवता फक्त चौकशी करतं, आणि पत्र असेल तर ०, नसेल तर १ परत देतं. मेल उतरवून घेण्याच्या जुन्या पॉप३ पद्धतीच्या सर्व्हरसाठी हाच मार्ग सोपा. पॉपला मुळात ‘वाचलेलं’ ही कल्पनाच नाही. पेटीत किती पत्रं आणि एकूण किती बाइट, एवढंच त्याची ‘स्टॅट’ आज्ञा सांगते.

पासवर्ड बरोबर आहे, तरी सर्व्हर नाकारतो.

नेहमीचा पासवर्ड आता बहुतेक मोठ्या सेवांवर चालत नाही. जीमेलवर खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यांवर आयमॅपसाठी ओऑथ (पासवर्डऐवजी परवानगीची चिठ्ठी दाखवण्याची पद्धत) हाच मार्ग उरला आहे, तो साध्या कर्लच्या एका ओळीत बसत नाही, त्यासाठी वेगळा मदतनीस प्रोग्राम लागतो. ऑफिसच्या खात्यासाठी आधी तुमच्या प्रशासकाला विचारा. बऱ्याच ठिकाणी आयमॅप मुद्दाम बंद ठेवलेलं असतं.

पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहू नका. तो शेलच्या इतिहासात राहतो, आणि सामायिक यंत्रावर ‘पीएस’ चालवणाऱ्या दुसऱ्याला दिसू शकतो. घरच्या डिरेक्टरीतल्या ‘.नेटआरसी’ फायलीत ठेवा आणि तिची परवानगी ६०० करा.

दर मिनिटाला सर्व्हरला विचारलं तर काही बिघडतं का?

एका माणसाच्या स्क्रिप्टने सर्व्हर कोसळत नाही, पण हे टाळा. दर वेळी नवी जोडणी, नवं लॉगिन, आणि काही सेवा अशा खात्याला थोडा वेळ अडवतात. पाच-दहा मिनिटांचं अंतर पुरे. लगेच कळायला हवंच असेल तर आयमॅपमध्ये १९९७ पासून ‘आयडल’ची सोय आहे. जोडणी उघडी ठेवायची आणि पत्र आलं की सर्व्हरनेच हाक मारायची. ती जोडणी तुटू नये म्हणून २९ मिनिटांच्या आत आज्ञा पुन्हा द्यावी लागते. हे सांभाळणारे तयार प्रोग्राम आहेत, स्वतः लिहायची गरज नाही.

ज्यांचं सगळं टपाल टर्मिनलमध्येच असतं त्यांनी एमबीसिंकने ते मेलडिरमध्ये उतरवावं आणि नॉटमच या मेल शोधणाऱ्या प्रोग्रामला मोजू द्यावं. ‘नॉटमच काउंट टॅग:अनरीड’ म्हटलं की आकडा समोर. आणि मट वापरत असाल तर ‘मट -झेड’, मोठ्या ‘झेड’सह: नवं टपाल असेल तरच पेटी उघडते, नसेल तर गुपचूप बाहेर पडते.

मराठी विषय असलेल्या मेलच्या जागी यादीत प्रश्नचिन्हं आणि रोमन अक्षरांची गिचमिड दिसते.

मेलच्या शीर्षभागात पूर्वी फक्त रोमन अक्षरं चालत. म्हणून बाकीच्या लिप्या बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळून पाठवतात, आणि साध्या कमांड ते गाठोडं न सोडता तसंच छापतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइटचं असतं. बेस६४ मध्ये ३ बाइटची ४ अक्षरं होतात. म्हणून ‘नमस्कार’ या सात चिन्हांच्या शब्दाची २८ अक्षरं होतात. एका गाठोड्याची मर्यादा ७५ अक्षरांची, त्यात सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून देवनागरीची जेमतेम १५ चिन्हं मावतात. लग्नपत्रिकेचा विषय तीन-चार गाठोड्यांत का विभागलेला दिसतो, ते यावरून कळेल.

सवयीने एक खूण ओळखता येते. गिचमिडीत ‘४-के-एस’ किंवा ‘४-के-डब्ल्यू’ ही तीन अक्षरं दर चार अक्षरांनी पुन्हा पुन्हा येत असतील, तर आत देवनागरी आहे. पहिली मोकळी जागा आली की हा ताल मोडतो. मट आणि एस-नेल (‘मेल’ कमांडचाच एक प्रकार) हे गाठोडं आपणहून सोडतात. तुमचं लोकेल (यंत्रावरची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ असायला हवं, एवढीच अट. जोडाक्षरं तरीही तुटलेली दिसली तर दोष टर्मिनलचा, मेलचा नाही.

‘मेल’ ही कमांडच सापडत नाही.

डेबियन आणि उबंटूवर ‘मेलयूटिल्स’ किंवा ‘बीएसडी-मेलएक्स’ बसवा. इतरत्र ‘एस-नेल’ मिळतं. पण एक गोष्ट आधी तपासा. नव्या यंत्रांवर पुष्कळदा मेल पोचवणारा प्रोग्राम, म्हणजे एमटीए, नसतोच. अशा वेळी डेबियनचं क्रॉन लॉगमध्ये ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’ अशी एक ओळ लिहितं आणि पत्र टाकून देतं. पेटी रिकामी असणं आणि पोस्टमनच नसणं, यांतला फरक नुसती पेटी बघून कळत नाही.

पत्रं वाचली, बाहेर पडलो, आणि पेटीतून ती गायब झाली!

हरवलेली नाहीत. ‘मेल’ कमांडमधून ‘क्यू’ने बाहेर पडलात की वाचलेली पत्रं तुमच्या घरच्या डिरेक्टरीतल्या ‘एमबॉक्स’ नावाच्या फायलीत हलतात. ‘मेल -एफ’ने ती दिसतील. काहीच हलायला नको असेल तर ‘एक्स’ने बाहेर पडा.

क्रॉनच्या मेलचा कंटाळा आलाय. सगळे बंद कसे करू?

क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, वरच्या बाजूला ‘मेलटू=""’ लिहिलं की बंद होतात, व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत. पण असं करू नका.

एका छोट्या कार्यालयाचा सर्व्हर माझ्याकडे होता. रात्रीचा बॅकअप क्रॉनमधून चालायचा. एकदा एका कारकून ताईंची फाइल चुकून पुसली गेली, म्हणून मी बॅकअप उघडला, तर शेवटची प्रत तीन महिन्यांपूर्वीची. डिस्क भरली होती. मग रूटची पेटी उघडली. रोज रात्री एक पत्र, प्रत्येकात एकच ओळ, जागा शिल्लक नाही. यंत्र नव्वदहून जास्त वेळा सांगून चुकलं होतं आणि मी एकदाही पेटीकडे पाहिलं नव्हतं. ताईंनी ती फाइल कागदांवरून पुन्हा टाइप केली, चार दिवस लागले.

तेव्हापासून मी काम यशस्वी झालं तर गप्प राहील आणि बिघडलं तरच बोलेल अशी स्क्रिप्ट लिहितो. साधा मजकूर ‘/डेव्ह/नल’कडे, म्हणजे टाकलेलं सगळं गिळणाऱ्या फायलीकडे, वळवा, चुकांचा वळवू नका. दोन्ही वळवणारी ती प्रसिद्ध शेपटी, ‘२>&१’, डोळे झाकून चिकटवू नका. आणि /ईटीसी/एलियासेस या फायलीत रूटच्या नावापुढे तुम्ही रोज वापरता ते नाव लिहा, मग ‘न्यूएलियासेस’ चालवा. रूटचं टपाल मग तुमच्या पेटीत येईल, आणि पुढच्या प्रॉम्प्टला शेलच तुम्हाला सांगेल.